दहाच्या आत आपलं गाणं

गोव्यात मराठी बँडला काम मिळतं. स्वतःचं गाणं वाजवायला मिळत नाही. कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावरचा शॅकवाला (शॅक म्हणजे खाण्यापिण्याची झोपडी), हॉटेलचा मॅनेजर, लग्नाचा यजमान यांना ओळखीची गाणी हवी असतात आणि पैसे तेच देतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. तीन तासांच्या कामात पाऊण-पाऊण तासाचे तीन सेट होतात. प्रत्येकात आपली दोन गाणी सरकवा. पहिलं नको, शेवटचं तर नकोच. लोकांनी ज्या गाण्यावर ठेका धरलाय ते संपताच, त्याच लयीत आणि जमल्यास त्याच पट्टीत, मध्ये एक शब्द न बोलता आपलं सुरू करा. ‘आता आमचं ओरिजिनल’ म्हटलंत की निम्मी टेबलं वेटरला हाक मारतात. गाण्याचं नाव गाणं संपल्यावर सांगा.

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंतची सूट सरकार देऊ शकतं. आपला कार्यक्रम त्यात बसेल असं धरून चालू नका. गावच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन, सत्कार, आभार यांत अर्धा तास हमखास जातो. नऊला ठरलेला बँड साडेनऊला चढतो आणि सात गाण्यांची चार होतात. कापली जातात ती शेवटची, म्हणून सगळ्यात जमलेलं गाणं तिसऱ्या नंबरावर ठेवा. साउंडचेक चारला मागा; पाचला मिळेल.

घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं मडकं, घेणार असाल (घ्याच; २०१९ मध्ये ते गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं) तर बकरीच्या चामड्याचंच घ्या. घोरपडीचं कातडं वन्यजीव कायद्याने बंद आहे. गाताना वापरतो तो साधा डायनॅमिक माइक चालतो: चामड्याच्या कडेपासून चार बोटं लांब, तिरका. दुसरा माइक मागच्या लहान तोंडाशी, पण वादकाचा डावा हात तिथे उघडझाप करत असतो, त्याला वीतभर मोकळी जागा सोडा. दोन्ही माइक सुरू केल्यावर घुम कमी झाली तर घुमटात दोष नाही, दोन्ही आवाज एकमेकांना खातायत. मिक्सरवर एका चॅनलची पोलॅरिटी उलटी करा. मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकवणारा स्पीकर, त्याच्या समोर ठेवा, मागे नाही, नाहीतर मडकंच घोंघावायला लागतं. दमट हवेत चामडं सैल पडतं, तेव्हा सुरात लावायचं काम आदल्या दिवशी नव्हे, चढण्याच्या अर्धा तास आधी.

शॅकमध्ये अर्थिंगवर विश्वास ठेवू नका. गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. काटा ठळक हलला तर ओठ माइकला लावायचे नाहीत, आधी इलेक्ट्रिशियन. अँप आणि मिक्सर शक्यतो एकाच बोर्डावरून घ्या. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन काढणारे महाभाग भेटतील. ते करू नका, माणूस जातो. गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका ती गुणगुण घालवायलाच असतो.

पावसाळ्यात कामं आटतात, तेव्हाच रेकॉर्डिंग उरका. रेकॉर्डिंगच्या आधी एका कागदावर शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के, हे लिहून सगळ्यांनी सह्या करा. हे टाळणारे बँड गाणं चाललं की फुटतात, न चालल्यावर नव्हे. गीतकार आणि संगीतकाराने आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला त्यांचा वाटा कुठलीही कंपनी करारात लिहून घेऊ शकत नाही, त्यामुळे ‘सर्व हक्क कायमचे’ या ओळीला घाबरू नका, पण सही करण्याआधी वकिलाला दाखवा. गाणं ॲपवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे ते रिलीजच्या तारखेच्या चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं; रिलीजनंतर ती खिडकी बंद.

ऐकणाऱ्यांचे आकडे मात्र फोनवर वाढत नाहीत, तालुक्यात वाढतात. फोंडा, डिचोली, पेडण्यात नाटकाला तिकीट काढून बसणारा प्रेक्षक आहे आणि मराठी शब्द तो कान देऊन ऐकतो. बीचवर शब्द वाहून जातात. फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर किंवा साखळीचं रवींद्र भवन पहिल्याच फटक्यात घेऊ नका, मोकळ्या खुर्च्या फोटोत दिसतात. साठ-सत्तर माणसांची खोली, शंभराचं तिकीट, दुसऱ्या एका बँडबरोबर निम्मं भाडं. फुकट पासवाले पाऊस आला की येत नाहीत, शंभर दिलेला छत्री घेऊन येतो. दारात वही ठेवा, नाव आणि व्हॉट्सॲप नंबर लिहून घ्या, आणि पुढच्या कार्यक्रमाचा निरोप त्यांना पोस्टरच्या आधी जाऊ दे. शिवोलीचे गायक रेमो फर्नांडिस १९८० च्या दशकात घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी नेत असत. वही म्हणजे तीच स्कूटर.

हॉटेलच्या कामाची निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि त्यातला पाचवा हिस्सा रेकॉर्डिंगच्या डब्यात टाका. ड्रमरकडे ठेवू नका.