पदार्थ पाण्यात किती वीज वाहू देतो यावरून त्याचा वर्ग कसा ठरवावा

शाळेतील प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. चंचुपात्रात दोन कार्बनच्या कांड्या, एक विद्युतघट आणि एक लहान दिवा असतो. मिठाच्या द्रावणात दिवा लागतो, साखरेच्या द्रावणात लागत नाही. तेवढ्यावरून मीठ विद्युत अपघटनी आणि साखर विद्युत अनपघटनी अशी नोंद वहीत होते, आणि इथपर्यंत काही चुकत नाही. अडचण सुरू होते ती व्हिनेगर, लिंबूफूल (सायट्रिक आम्ल), चुन्याची निवळी यांच्यापाशी. दिवा मंद लागला म्हणून पदार्थ सौम्य विद्युत अपघटनी मानायचा, की द्रावणच पातळ होते असे म्हणायचे? नुसत्या उजेडावरून याचे उत्तर मिळत नाही. टॉर्चच्या तारेच्या बल्बला बराच प्रवाह लागतो, तर एलईडी काही मिलिअँपिअरवरही उजळतो. त्यामुळे बल्बने ‘वाहत नाही’ असे दाखवलेल्या द्रावणात एलईडी लख्ख लागू शकतो. म्हणून मी येथे अशी पद्धत सांगणार आहे, जिच्यात एका मापनावर विसंबायचे नाही: द्रावण दहापट पातळ करायचे, पुन्हा मोजायचे आणि दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून वर्ग ठरवायचा.

आधी पाण्यात नेमके काय घडते ते स्पष्ट असावे. तारेतून वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात, तर द्रावणातून ती आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, वाहून नेतात. विद्युत अपघटनी आणि आयन हे शब्द मायकेल फॅरेडे यांनी 1834 मध्ये रूढ केले. पण वीज लावण्यापूर्वीच, केवळ पाण्यात विरघळल्यामुळे पदार्थाचे आयन सुटे होतात, हा विचार स्वांते अऱ्हेनिअस यांनी पुढे आणला. त्याची पायाभरणी असलेल्या त्यांच्या 1884 मधील प्रबंधाला उप्साला विद्यापीठात अगदी खालचा दर्जा मिळाला, आणि याच सिद्धांतासाठी 1903 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. असे आयन सुटे होण्यालाच विचरण म्हणतात. विरघळलेल्या पदार्थाचे जवळजवळ पूर्ण विचरण होत असेल तर तो तीव्र विद्युत अपघटनी, थोड्याच भागाचे होत असेल तर सौम्य, आणि रेणू अखंडच राहत असतील तर अनपघटनी. व्याख्येत ‘किती वीज वाहते’ हे शब्द नाहीत, ‘किती अंशाने विचरण होते’ हे आहेत. पुढची सगळी खबरदारी या फरकासाठी आहे.

मोजमापाला बसण्यापूर्वी कागदावर एक अंदाज बांधून ठेवावा, कारण अंदाज चुकला की शिकायला जास्त मिळते. पदार्थ आयनिक क्षार असेल, म्हणजे मीठ, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, मोरचूद, नवसागर यांपैकी काही, तर त्याला तीव्र गटात ठेवावे. आम्लांपैकी हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक अशी मोजकीच आम्ले तीव्र आहेत. ॲसिटिक, सायट्रिक, कार्बोनिक, फॉस्फरिक ही सौम्य. सोडिअम, पोटॅशिअम आणि कॅल्शिअम यांची हायड्रॉक्साइडे तीव्र, अमोनिया सौम्य. साखर, ग्लुकोज, युरिया, अल्कोहोल, ग्लिसरीन हे अनपघटनी. अल्कोहोलच्या सूत्रात ओएच दिसतो म्हणून त्याला आम्लारी समजण्याची चूक फार जण करतात. तेथे तो गट कार्बनला सहसंयुज बंधाने जोडलेला असतो आणि पाण्यात सुटत नाही.

आता साहित्य. घरी आरओ यंत्र असेल तर पाणी तपासायचे पेनसारखे टीडीएस मीटर बहुधा असतेच, आणि तेच येथे उपयोगी पडेल. नावात विरघळलेल्या घन पदार्थांचा उल्लेख असला तरी हे उपकरण प्रत्यक्षात वाहकता, म्हणजे द्रावण वीज किती सहज वाहू देते ते, मोजते आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून पीपीएम दाखवते. हा गुणक उपकरणानुसार साधारण 0.5 ते 0.7 असतो. वाहकता थेट दाखवणारे मीटर मिळाले तर अधिक चांगले. त्याखेरीज 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, 10 मिलिलीटरची सिरिंज, स्वच्छ काचेचे ग्लास आणि बॅटरीत घालण्याचे ऊर्ध्वपातित पाणी एवढे पुरते. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षारच इतकी वीज वाहून नेतात की सौम्य पदार्थाचा आकडा त्यात बुडून जातो. अतिशुद्ध पाण्याची वाहकता 25 अंश सेल्सिअसला फक्त 0.055 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की ती सुमारे एकापर्यंत चढते, पण आपल्या कामाला तेवढी शुद्धता पुष्कळ झाली. मीटर साध्या पाण्यात बुडवून येणारा आकडा आधी लिहून ठेवावा आणि पुढे प्रत्येक आकड्यातून तो वजा करावा.

घरच्या विजेच्या सॉकेटला जोडलेला दिवा या प्रयोगात कधीही वापरू नये. पाण्यात हात असताना 230 व्होल्ट जीव घेतात. मुलांना उजेड दाखवायचाच असेल तर 9 व्होल्टची बॅटरी, 330 ओहमचा रोधक, एलईडी आणि पेन्सिलीची दोन शिसे पुरेशी आहेत. तेव्हाही मिठाच्या द्रावणात प्रवाह फार वेळ चालू ठेवू नये आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण धनाग्रापाशी थोडा क्लोरीन वायू सुटतो.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून सर्व द्रावणांत रेणूंची संख्या सारखी हवी, वजन नव्हे. एक चमचा साखर आणि एक चमचा मीठ यांची तुलना येथे निरर्थक ठरते. लीटरमागे 0.1 मोलचे (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) द्रावण करायचे असेल तर अर्धा लीटर पाण्यासाठी मीठ 2.9 ग्रॅम, खाण्याचा सोडा 4.2 ग्रॅम, युरिया 3 ग्रॅम आणि साखर 17.1 ग्रॅम घ्यावी. बाजारातील पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 टक्के ॲसिटिक आम्ल असते, म्हणून त्याचे 15 मिलिलीटर घेऊन एकूण द्रावण 100 मिलिलीटर केले की तीच संहती मिळते. लिंबूफूल निर्जल असेल तर अर्ध्या लीटरला 9.6 ग्रॅम पुरते. डब्यावरचा मजकूर मात्र वाचावा. दुकानातील ग्लुकोज पावडरींत क्षार मिसळलेले असू शकतात आणि मग अनपघटनी ग्लुकोज वीज वाहताना दिसतो.

मोजताना सर्व ग्लास एकाच खोलीत तासभर ठेवून तापमान सारखे होऊ द्यावे, कारण तापमान एका अंशाने वाढले की वाहकता सुमारे 2 टक्क्यांनी वाढते. प्रत्येक मापनानंतर मीटरचे टोक ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे. पहिला आकडा लिहून झाला की सिरिंजने त्या द्रावणाचे 10 मिलिलीटर दुसऱ्या ग्लासात घ्यावे, ऊर्ध्वपातित पाणी घालून ते 100 मिलिलीटर करावे, ढवळावे आणि पुन्हा मोजावे.

या दुसऱ्या आकड्यातच सगळे मर्म आहे. मिठाच्या 0.1 मोलच्या द्रावणाची वाहकता 25 अंशांना सुमारे 10.7 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते आणि दहापट पातळ केल्यावर ती सुमारे 1.19 होते, म्हणजे नवाव्या भागावर येते. पूर्ण दहाव्या भागावर न येण्याचे कारण असे की दाट द्रावणात आयन एकमेकांना थोडे अडवतात आणि पातळ केल्यावर ती अडवणूक कमी होते. ॲसिटिक आम्ल सुरुवातीला जेमतेम 0.52 दाखवते, पण पातळ केल्यावर ते 0.052 वर न येता 0.16 वर थांबते, म्हणजे फक्त तिसऱ्या भागापर्यंत उतरते. दाट द्रावणात त्याचे जेमतेम 1.3 टक्के रेणू विचरित असतात, पातळ द्रावणात सुमारे 4 टक्के होतात. पाणी वाढले की अखंड रेणूंपैकी आणखी काही फुटतात आणि घट भरून काढतात. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी 1888 मध्ये हाच संबंध नियमाच्या रूपात मांडला. तेव्हा गुणोत्तर नऊच्या जवळ असेल तर पदार्थ तीव्र, तीन-साडेतीनच्या जवळ असेल तर सौम्य, आणि दोन्ही आकडे साध्या पाण्याइतकेच असतील तर अनपघटनी. मीटरचा गुणक कोणताही असला तरी गुणोत्तर काढताना तो निघून जातो, आणि साध्या मीटरवर ही पद्धत विश्वासार्ह ठरते ती त्यामुळेच.

एकाच आकड्यावर विसंबलेला माणूस कसा फसतो, हे पाहायचे असेल तर लिंबूफूल घ्यावे. लीटरमागे 0.01 मोलच्या द्रावणात ते 0.8 ते 0.9 मिलिसीमेन्सच्या आसपास वाहकता दाखवते, आणि तेवढेच मीठ 1.19. दिव्याला हा फरक कळणारही नाही, आणि लिंबूफूल बिनदिक्कत तीव्र गटात जाऊन बसेल. याचे कारण हायड्रोजन आयनाचा विलक्षण वेग: पाण्यात तो सोडिअम आयनाच्या सुमारे सातपट वीज वाहून नेतो, म्हणून आम्लाचे थोडेसेच विचरण झाले तरी आकडा मोठा दिसतो. दहापट दाट द्रावणात तेच लिंबूफूल फक्त 3 च्या जवळ जाते, आणि गुणोत्तर त्याचा सौम्यपणा उघड करते.

चुन्याची निवळी उलट बाजूने फसवते. विरलेला चुना लीटरभर पाण्यात पावणेदोन ग्रॅमही विरघळत नाही, म्हणून त्याला सौम्य म्हणण्याचा मोह होतो; पण जेवढा विरघळतो तेवढ्याचे जवळजवळ पूर्ण विचरण होते, म्हणून तो तीव्रच. विरघळणे ही एक गोष्ट आणि विचरण ही दुसरी, हे विद्यार्थ्यांना मी सर्वांत आग्रहाने सांगेन. खाण्याच्या सोड्याचेही तसेच. तो आम्लारी म्हणून सौम्य, पण विद्युत अपघटनी म्हणून तीव्र, आणि या दोन ‘सौम्य’ शब्दांची गल्लत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत नेहमी होते. क्षार म्हणजे तीव्र या नियमालाही अपवाद आहेत: मर्क्युरिक क्लोराइड पाण्यात विरघळते, पण बहुतांशी रेणूंच्याच रूपात राहते. ते जहाल विष असल्याने प्रयोगात मात्र आणू नये.

टीडीएस मीटरची मर्यादा समजून घ्यायला जलसंजीवनीचे पाकीट उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लीटरभर पाण्यात 20.5 ग्रॅम पावडर जाते, त्यातले 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि उरलेले मीठ, पोटॅशिअम क्लोराइड व सोडिअम सायट्रेट. दोन-तृतीयांश वजन ग्लुकोजचे असूनही मीटरला ते दिसतच नाही, त्याला दिसतात फक्त क्षारांचे आयन.

शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर करण्याजोगी एक चाचणी शेवटी सुचवतो. 0.1 मोलचे अमोनियाचे आणि तेवढ्याच संहतीचे ॲसिटिक आम्लाचे द्रावण वेगवेगळे मोजावे. दोन्ही अर्ध्या मिलिसीमेन्सच्या आसपास असतील. मग दोन्ही सारख्या आकारमानात एकत्र करून मीटर पुन्हा बुडवावे. प्रत्येकाची संहती निम्मी झालेली असूनही आकडा चार ते पाच मिलिसीमेन्सपर्यंत उडी घेतो, कारण ग्लासात आता अमोनिअम ॲसिटेट हा क्षार असतो, आणि त्याचे आयन सुटे असतात.