फरशी चाटणारी चिंगी

रस्त्यावरून आणलेली आमची कुत्री चिंगी रात्री फरशी, सोफा, भिंत चाटत बसायची, कुंडीतली माती खायची आणि पोळी कोपऱ्यात लपवायची. लपवणं समजू शकतं, उपाशी राहिलेला जीव तो! पण चाटण्याचं मूळ पुष्कळदा पोटात असतं. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाच्या २०१२च्या अभ्यासात सतत फरशी-भिंती चाटणाऱ्या १९ पैकी १४ कुत्र्यांत पचनसंस्थेचा बिघाड आढळला होता. म्हणून तिला न रागावता डॉक्टरांकडे शी आणि रक्त तपासून घेतलं. जंत निघाले, हिमोग्लोबिनही कमी. जंताचं औषध दिलं, जेवण थोडं थोडं विभागलं, झोपण्याआधी बिनमिठाचा चिकन-भात सुरू केला. रिकाम्या पोटी सकाळी पिवळं पित्त ओकायची, ते थांबलं आणि चाटणंही. मातीची ओढ मात्र रक्त भरेपर्यंत टिकली. तोवर कुंड्या उंच स्टँडवर ठेवल्या.