न्यूझीलंडमध्ये प्लंबर किंवा गॅसफिटरची तक्रार कशी करायची

इथे प्लंबिंग, गॅसफिटिंग आणि ड्रेनलेइंग (सांडपाण्याचे पाइप टाकणं) ही तिन्ही कामं २००६ च्या कायद्याखाली येतात आणि लायसन्स देणारं बोर्डच शिस्तीची कारवाई पण करतं, त्यामुळे काम बिघडलं तर नुसतं कपाळाला हात लावून बसू नका.

गॅसचा वास येत असेल तर तक्रार वगैरे नंतर, आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १११ ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन करा.

मग बोर्डाच्या ऑनलाइन रजिस्टरवर त्या माणसाचं नाव शोधा, लायसन्स चालू आहे का आणि नेमकं कशाचं आहे ते बघा, कारण प्लंबिंगचं लायसन्स आहे म्हणजे गॅसला हात लावता येतो असं अजिबात नाही. गॅसच्या कामाचं सेफ्टी सर्टिफिकेट मिळालं नसेल तर ते लेखी मागा. फोटो, बिल, कोटेशन, मेसेज सगळं जपून ठेवा, आणि दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घ्यायच्या आधी फोटो काढाच, नाहीतर पुरावाच जातो!

तक्रार बोर्डाकडे लेखी द्या, तारखांसकट, राग बाजूला ठेवून. बोर्ड तपास करतं, तथ्य वाटलं तर सुनावणी होते, आणि दोषी ठरला तर लायसन्स रद्द किंवा सस्पेंड, १०,००० डॉलरपर्यंत दंड, ट्रेनिंगची सक्ती असं काहीही होऊ शकतं. तुमचे पैसे मात्र बोर्ड परत मिळवून देत नाही, त्यासाठी डिस्प्यूट्स ट्रिब्युनलकडे (पैशांचे छोटे वाद सोडवणारं न्यायमंडळ) वेगळा अर्ज करावा लागतो.