अटॅक आल्यावर अँजिओप्लास्टी हातातून की मांडीतून? पेशंटच्या घरच्यांसाठी

आधी एक सांगतो, अटॅक चालू असताना अँजिओप्लास्टी (हृदयाची अडलेली नस बारीक नळी घालून उघडणं) हातातून करा की मांडीतून करा यावर डॉक्टरांशी वाद घालत बसू नका, तिथं एकेक मिनिट हृदयाचा स्नायू मरत असतो. निर्णय त्यांचा, पण तो नीट व्हावा म्हणून तुमच्याकडची माहिती त्यांना लगेच मिळाली पाहिजे.

आता बहुतेक ठिकाणी पहिली पसंती मनगटाला. कारण सरळ आहे, अटॅकमध्ये रक्त पातळ करायची औषधं भरपूर देतात आणि मनगटातली नस वरवर, हाडावर असते, दाबली की रक्त थांबतं. जांघेतली नस मोठी आणि खोल, तिथून रक्त पोटामागं साठत गेलं तर बाहेरून दिसतही नाही. २०१२ च्या इटलीतल्या १००१ पेशंटच्या अभ्यासात मनगटवाल्यांमध्ये ३० दिवसांत हृदयविकाराने मृत्यू ५.२ टक्के, जांघवाल्यांमध्ये ९.२. नंतर कॅनडातल्या एका अभ्यासात मात्र असा फरक दिसला नाही, त्यामुळं जांघेतून केली म्हणजे चुकीची केली असं अजिबात समजू नका, सराव असलेला हात सगळ्यात महत्त्वाचा.

कॅथलॅबच्या (जिथं अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीच्या) दारात हे सांगाच: डायलिसिस चालू आहे का किंवा किडनी खराब आहे का (मनगटाची नस फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिससाठी हातात दोन नसा जोडतात त्यासाठी, जपायची असते), आधी बायपास झालंय का आणि तेव्हा हातातली नस काढली होती का, मागच्या वेळी हातातून करताना नस आखडली होती का, रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू आहे. बीपी खूप पडलेलं असेल, हृदयाला आधार द्यायला पंप लावायची वेळ आली तर तो बहुतेक जांघेतूनच जातो, मनगटाची नस बारीक पडते. १०८ ची वाट बघताना पेशंटच्या दोन्ही हातातलं घड्याळ, कडं, बांगड्या काढून ठेवा, आणि सलाइन लावणाऱ्याला जमलं तर उजवं मनगट मोकळं ठेवा म्हणा, बरेचदा तिथूनच करतात.

नंतरची काळजी. मनगटाला हवेचा पट्टा बांधतात तो काही तासांत हळूहळू सैल करतात, स्वतः सोडू नका, बोटं निळी-गार पडली किंवा मुंग्या वाढल्या की सिस्टरला हाक मारा. त्या हातानं काही दिवस बादली, सिलिंडर उचलायचा नाही. घरी रक्त आलंच तर त्याच जागी अंगठ्यानं घट्ट दाबून धरा आणि थांबत नसेल तर दाबूनच दवाखान्यात न्या. जांघेतून केली असेल तर काही तास सरळ झोपायचं, पाय वाकवायचा नाही, खोकताना, शिंकताना जागेवर हात दाबून धरायचा. आणि पेशंट कंबर-पाठ दुखतीये, घाम येतोय, चक्कर येतीये म्हणाला तर झोपून झोपून अवघडला असेल म्हणून सोडून देऊ नका, तेव्हाच सिस्टरला बोलवा, आतल्या आत रक्त साठताना असंच होतं.