गायनशैलीनुसार शब्दोच्चार कसे ठेवावेत

गाताना सूर लांबतो तो स्वरवर्णावर, तर शब्दाची ओळख पटते ती मुख्यतः व्यंजनांमुळे. या दोहोंचे प्रमाण शैलीगणिक बदलते, म्हणून गीत हाती घेतल्यावर प्रथम त्यात शब्दांना किती महत्त्व आहे, हे ठरवावे. ख्यालात आलाप-तानांना प्राधान्य असल्याने व्यंजन हलकेच लावून लगेच मोकळ्या स्वरात यावे. भावगीतात मात्र प्रत्येक शब्द श्रोत्यापर्यंत पोहोचायलाच हवा, आणि तिथे हरकतीच्या, म्हणजे सुरांच्या छोट्या चपळ नक्षीच्या, मोहापायी शब्द मध्येच तोडणे मला अक्षम्य वाटते. लावणीत व्यंजनांचा ठसका लयीच्या आघाताशी नेमका जुळवावा.

माइकसमोर ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा झोत आदळून धप्प असा आवाज येतो. त्यासाठी माइक तोंडाच्या किंचित बाजूला धरावा. याउलट, माइकविना गायल्या जाणाऱ्या ऑपेरात व्यंजने अधिक जोरकस लागतात आणि अतिउंच स्वरांवर ‘इ’, ‘उ’ थोडे उघडावेच लागतात.

सरावासाठी ‘चांदणे’ हा शब्द घ्यावा. तो आधी लयीत नुसता बोलावा, मग एकाच सुरावर गावा. ‘चां’मधील आकार पुरता लांबवून ‘न’चा नाद अगदी शेवटी, ‘द’ला चिकटून येऊ द्यावा, तो लवकर आला की जीभ दातांमागे टेकते आणि उरलेला सूर नाकातून जातो. ध्वनिमुद्रण ऐकताना जिथे शब्द कळत नाही, तिथे आवाज न वाढवता जिभेची आणि ओठांची हालचाल अधिक रेखीव करावी.