आंबोली घाटात तुटलेली क्लच केबल

पुण्याहून गोव्याला मित्रासोबत दोन मोटरसायकलींवर जाताना आंबोली घाटाच्या उतारावर माझ्या गाडीचा क्लच लिव्हर अचानक ढिला पडला. कोल्हापूर सोडल्यापासून तो जड लागत होता, तेव्हाच थांबून पाहायला हवे होते. आता केबलच्या तारा लिव्हरपाशी पिंजून कुंच्यासारख्या झाल्या होत्या. मित्राने निघताना आग्रहाने घ्यायला लावलेली नवी केबल सोबत होती, याबद्दल मी त्याचा मनापासून ऋणी आहे. लिव्हरवरच्या अ‍ॅडजस्टरच्या (केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या) खाचा जुळवून जुनी केबल सोडवली, नवी टाकीखालून त्याच मार्गाने नेली आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही याची खात्री केली. शेवटी लिव्हरला 2-3 मिलिमीटर मोकळीक ठेवली, कारण ती नसेल तर क्लच प्लेट घसरून झिजतात. सावंतवाडीपर्यंत गिअर विनातक्रार पडले.