‘प्राग वसंत’ अभ्यासायचाय? रणगाड्यांपाशी थांबू नका

‘प्राग वसंतावर काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?’ असे मेसेज एम.ए.च्या मुलांकडून अधूनमधून येतात. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. मी पुण्यात इतिहास शिकलो, पुढे प्रागला जाऊन चेक शिकलो आणि आता चेकोस्लोव्हाकियाच्या 1970 नंतरच्या काळावर काम करतो. म्हणजे ज्या काळाचे फोटो कुणी पोस्टरवर छापत नाही, त्या काळावर.

बहुतेकांच्या डोक्यात ‘प्राग वसंता’ची गोष्ट आधीच ठरलेली असते. 5 जानेवारी 1968 ला अलेक्झांडर दुबचेक चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले, सेन्सॉरशिप उठली, लोक मोकळेपणानं बोलू लागले आणि 20 ऑगस्टच्या रात्री वॉर्सा कराराचं, म्हणजे सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांचं, सैन्य घुसलं. खेळ खलास. यात खोटं काही नाही, पण एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही.

आधी एप्रिल 1968 चा पक्षाचा कृती कार्यक्रम मुळातून वाचा. इंग्रजी भाषांतर मिळतं. अनेकांना धक्का बसतो, कारण त्यात बहुपक्षीय निवडणुकांचं आश्वासन नाहीच. पक्षाचं नेतृत्व कायम. फक्त ते हुकमावर न चालवता लोकांचा विश्वास मिळवून टिकवायचं. सुधारणा मागणारे बाहेरचे बंडखोर नव्हते, पक्षातलेच होते. अर्थतज्ज्ञ ओटा शिक यांना अर्थव्यवस्था सरकारी नियोजनाच्या जोखडातून सैल करायची होती, स्लोव्हाकांना चेक लोकांच्या बरोबरीचा दर्जा हवा होता. आणि विद्यार्थ्यांना? 31 ऑक्टोबर 1967 ला प्रागमधल्या स्ट्राहोव्हच्या वसतिगृहातली मुलं रस्त्यावर उतरली ती सारखी लाइट जाते म्हणून. हातात मेणबत्त्या, तोंडी ‘उजेड हवा’ची घोषणा. पोलिसांनी झोडपून काढलं आणि प्रकरण चांगलंच तापलं. हॉस्टेलवर राहिलेल्यांना हे जास्त समजवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, कागद कुणी लिहिला आणि कुणासाठी लिहिला हे आधी विचारायचं. ऑगस्टनंतर सोव्हिएत बाजूनं एक ‘पांढरं पुस्तक’ वाटलं गेलं, प्रतिक्रांती कशी शिजत होती हे पटवण्यासाठी. त्याला उत्तर म्हणून प्रागमधल्या इतिहासकारांनी पहिल्या सात दिवसांची पत्रकं, रेडिओवरचं बोलणं, साक्षी गोळा करून ‘काळं पुस्तक’ केलं. दोन्ही शेजारी ठेवून एकेक दिवस वाचा. साधनांची चिकित्सा म्हणजे काय हे शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. मॉस्कोचा दावा होता की चेकोस्लोव्हाक नेत्यांनीच मदतीला बोलावलं. तसं पत्र खरोखर होतं. पक्षातले सुधारणाविरोधी नेते वासिल बिल्याक आणि आणखी चौघांच्या सह्यांचं. ऑगस्टच्या सुरुवातीला ब्रातिस्लाव्हाच्या बैठकीच्या वेळी ते शौचालयात हळूच सोव्हिएत बाजूकडे सरकवलं गेलं, असं युक्रेनचे तेव्हाचे पक्षप्रमुख शेलेस्त यांनी सांगून ठेवलंय. हा कागद प्रागला मिळाला थेट 1992 मध्ये, रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्याकडून.

आता माझ्या आवडीचा भाग. सैन्य आलं, पण त्या आठवड्यात राजकीयदृष्ट्या मॉस्कोच्या हाती फार काही लागलं नाही. रेडिओ गुप्त ठिकाणांहून चालूच राहिला, लोकांनी दिशादर्शक पाट्या काढून टाकल्या, 22 ऑगस्टला प्रागच्या विसोचानी भागातल्या कारखान्यात पक्षाचं अधिवेशनसुद्धा लपूनछपून भरलं. नेत्यांना मॉस्कोला नेऊन करारावर सह्या घेतल्या गेल्या; त्यांच्यापैकी एकट्या फ्रांतिशेक क्रीगेल यांनी सही केली नाही. जानेवारी 1969 मध्ये यान पालाख या विद्यार्थ्यानं निषेध म्हणून स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतरही दुबचेक एप्रिलपर्यंत पदावर होते. 17 एप्रिलला त्यांच्या जागी गुस्ताव हुसाक आले आणि खरं दडपण सुरू झालं ते टेबलाच्या पलीकडून.

1970 मध्ये पक्षाच्या प्रत्येक सदस्याचं कार्ड बदलायचं ठरलं. त्यासाठी चौकशी समितीपुढे बसायचं. प्रश्न साधे: 1968 मध्ये काय केलंत, कशावर सही केलीत, ऑगस्टमधली ‘बंधुत्वाची मदत’, म्हणजे सैन्याचं घुसणं, मान्य आहे का? शेवटचा प्रश्न कळीचा. ‘हो’ म्हटलं की नोकरी वाचायची, पण आपल्याच तोंडानं आपलं बोलणं खोटं ठरायचं. तीन लाखांहून जास्त लोक पक्षाबाहेर गेले. प्राध्यापक बॉयलर पेटवायला लागले, पत्रकार खिडक्या पुसायला, आणि आईवडिलांच्या उत्तरांवरून मुलांचे कॉलेजप्रवेश अडले. खुद्द दुबचेक तुर्कस्तानात राजदूत म्हणून काही काळ काढून वनखात्यात कामाला लागले. एवढ्या सगळ्यात सुधारणांपैकी टिकलं काय? स्लोव्हाकांसाठीचं संघराज्य, 1 जानेवारी 1969 पासूनचं. तेही बरंचसं कागदावर.

माझं मत विचाराल तर विषय इथे निवडा. एखादा कारखाना घ्या, एखादं विद्यापीठ घ्या, आणि तिथल्या चौकश्यांमध्ये कोण काय बोललं ते बघा. रणगाड्यांवर ढीगभर लिहून झालंय.

त्यासाठी चेक यायला हवी, त्याला पर्याय नाही. सात विभक्त्या आहेत. शाळेत मराठीच्या आठ पाठ केलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. अनुक्रमणिकेत मात्र सुरुवातीला सगळे अडखळतात: ‘सीएच’ हे तिथे स्वतंत्र अक्षर आहे आणि ते ‘एच’नंतर येतं. 1968 चे पंतप्रधान ओल्डझिख चेर्निक यांचं नाव ‘सी’मध्ये शोधाल तर सापडणार नाही, कारण डोक्यावर खूण असलेला ‘सी’ वेगळा लागतो. चेक माध्यमातून शिकायचं असेल तर तिथल्या सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही फी नाही. भाषेच्या तयारीच्या वर्षाला मात्र पैसे पडतात आणि प्रागमधली खोलीभाडी ऐकून घरच्यांना आधी बसायला खुर्ची द्या.

पक्षाच्या केंद्रीय समितीचे कागद प्रागच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, गुप्त पोलिसांचे वेगळ्या अभिलेखागारात. पोलिसांच्या फायली चटकदार असतात, पण खबऱ्याला पैसे मिळायचे ते काहीतरी कळवण्याचे, हे विसरून चालणार नाही. बंदी असताना टाइप करून हातोहात फिरलेलं साहित्य ‘लिब्री प्रोहिबिती’ या ग्रंथालयात बघायला मिळतं. चेक येईपर्यंत बुडापेस्टच्या ओपन सोसायटी आर्काइव्हमधले रेडिओ फ्री युरोप या अमेरिकी पैशावर चालणाऱ्या केंद्राचे अहवाल वाचा. त्यातले बरेच इंग्रजीत, घरबसल्या मिळतात.

नोकरीचं विचारता? नुसत्या या विषयावर आपल्याकडे प्राध्यापकी मिळेल अशा भ्रमात राहू नका. नेट द्या, विसाव्या शतकाचा जगाचा इतिहास पक्का करा. माझ्या ओळखीतल्या एकाचं घर तांत्रिक भाषांतरावर चालतं. चाकणला चेक गाड्यांचा कारखाना आहे हे लक्षात असू द्या.

प्रागला जाणं जमणार नसेल, तर एक विषय इथेच पडलाय. सुरक्षा परिषदेत निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. त्याच प्रश्नावर अशोक मेहता केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले, आणि ते मुंबईच्या समाजवादी चळवळीत वाढलेले. तेव्हा भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष होते श्रीपाद अमृत डांगे. ऑगस्ट-सप्टेंबर 1968 चे ‘केसरी’, ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘साधना’ यांचे अंक काढा आणि आपल्याकडच्या डाव्यांनी, समाजवाद्यांनी त्या आठवड्यांत काय लिहिलं ते तारखेनुसार लावा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरुवात करा. जाताना विभागप्रमुखांचं पत्र न्या, जुने अंक बघायला मागताना उपयोगी पडतं.